तोरणापलीकडची बाजू

भर गावासमोर स्वतःच सवाल टाकायचा, मग वेशीतल्या तोरणाखालून वाकून पलीकडे जायचं आणि तिथून स्वतःलाच जवाब द्यायचा, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव नागनाथ गुरव. गाव त्यांना नागूअप्पा म्हणे. उंच, काटकुळे, गळ्यात रुद्राक्षाची माळ, आणि आवाज असा की महादेवाच्या देवळात आरती सुरू झाली की नदीवरच्या बायकांना कळावं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पोळ्याच्या दिवशी, आणि ते दृश्य इतकं हसण्यासारखं होतं की मी मोठ्यानं हसलो. मग लक्षात आलं की आजूबाजूचे लोक हसता हसता मध्येच थांबले आहेत.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. श्रावणात मी त्या गावी मास्तर म्हणून हजर झालो. माझं शिक्षण उर्दूतून झालेलं, आणि आता पोरांना मराठीतून शिकवायचं होतं. जोडाक्षरं मी आणि पोरं जोडीनंच गिरवत होतो म्हणा ना. गाव राजूरपासून कोसा-दीड कोसावर. नाव सांगत नाही. तिथली नातवंडं शिकून नोकऱ्यांना लागली आहेत, आणि कोणाचं घर उगीच उन्हात मांडायची मला हौस नाही. राग मात्र आहे. तो इतक्या वर्षांत कमी झालेला नाही, आणि कमी करायचा मी कधी प्रयत्नही केलेला नाही.

आमच्या भागात पोळ्याच्या दिवशी झडत्या म्हणायची रीत आहे. ज्यांनी त्या ऐकल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून सगळे वेशीत येतात. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलेलं असतं. ते तोडल्याशिवाय पोळा फुटत नाही. तोडण्याआधी कोणीतरी गौरा-पार्वतीला नमन करून यमकं जुळवत गावाची टर उडवतो, आणि शेवटी सगळे मिळून 'हर हर महादेव' म्हणतात. त्या दिवशी कोणी कोणावर रागवायचं नाही असा रिवाज. या गावात त्यात आणखी एक गोष्ट होती. इथं झडतीकार दोन. एक तोरणाच्या आत, गावाच्या बाजूला. दुसरा तोरणाबाहेर, शिवाराच्या बाजूला. आतल्यानं सवाल टाकायचा, बाहेरच्यानं जवाब द्यायचा, आणि जवाब आल्याशिवाय तोरणाला हात लावायचा नाही.

आतली जागा नागूअप्पांची, वाडवडिलांपासून. त्या दिवशी त्यांनी नमन केलं आणि पहिल्या धडाक्यात दौलतराव पाटलांनाच धरलं.

"लाल टोपी धुतली, पांढरी निघाली,
आतली टाळू मातर तशीच राह्यली!"

लोक हसले, कारण पाटलांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. निजामाच्या दिवसांत हे पाटील लाल तुर्की टोपी घालून जालन्याला अधिकाऱ्यांच्या पंगतीला जात. राज्य बदललं त्या आठवड्यात त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी आली, आणि गावात पहिला झेंडा त्यांनीच लावला. पाटीलही हसले. पोळ्याला हसावंच लागतं. मग अप्पांनी आवाज उतरवला.

"वेशीत उभी बैलांची रांग,
तोरणापल्याड कोन हाय सांग?"

पलीकडे कोणीच नव्हतं. नुसता रस्ता होता. अप्पांनी जवाबाची वाट पाहिली. मग कमरेत वाकून तोरणाखालून गेले, पलीकडे ताठ उभे राहिले आणि वेगळ्याच, जरा घोगऱ्या आवाजात बोलले,

"नाल हाय भोकरदनात, लिंबाच्या बुडी,
इमाम बसलाय घेऊन हातुडी;
बैलानं वळखून चाटला हात,
धनी इचारतो, तू कोन्या गावात?"

इथं लोक थांबले. 'हर हर महादेव' झालं, पण ते ओठांतल्या ओठांत. पाटलांनी विळ्यानं तोरण तोडलं आणि बैल निघाले. मी शेजारी उभ्या असलेल्या किसनरावांना विचारलं, हा इमाम कोण? किसनराव माझे घरमालक. त्यांच्या माडीवर मी राहत होतो. भला माणूस. हे 'भला माणूस' मी मनापासून लिहितो आहे. माझ्या आजारपणात त्यांनी मला स्वतःच्या हातानं कढी-खिचडी भरवली होती. ते म्हणाले, "काही न्हाई मास्तर, अप्पाला तशी खोड हाय." आणि बैलाची झूल नीट करत पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेलो. अप्पा पिंडीवरचा आदल्या दिवशीचा बेल काढत होते. मी विचारलं तसं त्यांनी हातातलं काम न थांबवता सगळं सांगितलं, जसं काही मी पाऊसपाण्याचं विचारलं होतं.

इमाम नालबंद. बैल आडवा पाडून, पाय बांधून खुराला नाल ठोकायचा हा त्याचा पिढीजात धंदा. तोरणाबाहेरची जागा त्याच्या घराण्याची, कारण शिवारात बैल चालतो तो नालबंदाच्या जिवावर, असा जुन्या लोकांचा हिशोब. वीसेक पोळे या दोघांनी सवाल-जवाब केले होते. इमाम नमाज पढणारा माणूस, पण पोळ्याला 'हर हर महादेव' सगळ्यात मोठ्यानं त्याचं. एकदा जालन्याहून आलेल्या कोण्या पाहुण्यानं त्याला यावरून टोकलं, तेव्हा तो म्हणाला होता, "बैल यांचा, बैलाचा देव यांचा. मगर खूर मेरे हैं. मी खुरांच्या वतीनं बोलून राह्यलो."

"असला जवाब देणारा माणूस मला काशीत बी मिळायचा न्हाई," अप्पा म्हणाले.

मग ते साल आलं. निजामाचे हत्यारबंद लोक गावोगाव फिरत होते. या गावातही येऊन त्यांनी एका वाण्याचं दुकान जाळलं, माणसांना मारलं, बायका-पोरं ज्वारीच्या पिकात लपून राहिली. हे खरं आहे आणि ते कोणी विसरावं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या अधिकाऱ्यांना जेवायला घालत होते ते दौलतराव पाटील. इमाम बैलांना नाल ठोकत होता. मग फौजा आल्या, राज्य पडलं, आणि गावाला सूड हवा झाला. पाटलांनी टोपी बदललेली होती. इमामला नाव बदलता येण्यासारखं नव्हतं. त्याचं घर लुटलं. शेळ्या, भांडी, धान्य, पेटी, शेवटी घराचं दार चौकटीसकट काढून नेलं. नेणारे कोणी परके नव्हते. ते दार मी पुढे कित्येक वर्षं पाटलांच्या गोठ्याला पाहिलं.

अप्पांनी इमामला आणि त्याच्या बायकोपोरांना महादेवाच्या गाभाऱ्यात ठेवलं होतं, गाव शांत होईपर्यंत. मी विचारलं, "तुम्हाला विटाळबिटाळ काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. मंग महादेवाला इचारलं. त्यो काही बोलला न्हाई. म्हंजे हरकत न्हाई." बेलाची टोपली उचलून ते उठले. "मास्तर, माझा धंदाच हा. सवाल करायचा आन् गप बसलेल्याकडून जवाब काढायचा. देवाकडून निघतो, या गावाकडून निघंना."

इमामनं भोकरदनला बाजाराजवळच्या लिंबाखाली बस्तान मांडलं होतं. आता गंमत पाहा. आमच्या भागातला रस्ता खडकाळ. नालाशिवाय बैल जालन्याच्या बाजारापर्यंत पोचत नाही. आणि जवळपास दुसरा नालबंद नाही. ज्यांनी त्याला हाकललं तेच लोक पुढच्या सुगीपासून बैल घेऊन कोसन् कोस चालत त्याच्याच पुढ्यात जाऊ लागले. इमाम गावात होता तेव्हा ते काम दारात व्हायचं. आता त्यासाठी अख्खा दिवस मोडायचा. हा मूर्खपणा गावाला दिसत नव्हता असं नाही, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे. बोलत होते ते एकटे अप्पा, तेही वर्षातून एकदा, नमन करून.

नमनाबाबत ते कडक होते. एरवी थापा मारायला त्यांना काहीच वाटत नसे. नवस बोलायला आलेल्या एका म्हातारीला, "देव आज वावरात गेलाय, उद्या ये," असं सांगून परत पाठवताना मी त्यांना स्वतः ऐकलं आहे, कारण त्यांना त्या दिवशी गाभारा सारवायचा कंटाळा होता. पण झडतीत खोटं चालायचं नाही. "त्याचं नाव घेऊन तोंड उघडलंय. आता खोटं बोललो तर उद्या त्याच्यावर पाणी कोण्या तोंडानं घालू?" झडती ते जुळवायचे पिंडीवर पाणी घालताना. मध्येच थांबून हसायचे. त्यांचं म्हणणं, महादेवाला सकाळी एकदा हसू आलं की तो दिवसभर कोणाचं वाईट करत नाही. लिहिता येत असूनही त्यांनी झडती कधी लिहून ठेवली नाही. पोळा संपला की ती झडती ते पुन्हा म्हणत नसत, कोणी कितीही विचारलं तरी.

आणि जवाब त्यांचे स्वतःचे नसत. ही गोष्ट मला उशिरा कळली. दर श्रावणात ते सवाल घेऊन भोकरदनला चालत जायचे आणि इमामकडून जवाब घेऊन यायचे. एका वर्षी मीही गेलो त्यांच्याबरोबर.

लिंबाखाली एक बैल पाय बांधून आडवा पडलेला. इमाम त्याच्या खुराशी बसला होता, तोंडात खिळे धरून. बुटका, दांडगा, दाढी पिकलेली. बाजूला बैलाचा मालक उभा होता. किसनरावच. आम्हाला पाहून ते लिंबाच्या खोडाकडे पाहू लागले. अप्पांनी रामराम केला नाही की सलाम केला नाही. उभ्या उभ्या सवाल टाकला,

"देवानं माणसाला दिले दोन पाय,
मंग चार पायांमागं धावतोय काय?"

इमामनं एक खिळा ठोकला. दुसरा ठोकला. आम्ही वाट पाहत राहिलो. नाल पुरता बसल्यावर त्यानं बैलाच्या खुरावर थाप मारली आणि रिकाम्या झालेल्या तोंडानं म्हणाला,

"दोन पायांचा दोन दिशांना जाय,
मह्या हातात चौथा, मीच सरळ हाय!"

अप्पा इतके हसले की खाली बसले. किसनरावसुद्धा हसले, अगदी मोकळं, आणि क्षणभर ते तिघं पोळ्याच्या दिवशी दिसत असतील तसे दिसले. मग किसनरावांना आपण कुठं आहोत ते आठवलं असावं. त्यांनी बैल सोडवला आणि 'बराय' म्हणून निघाले. जाताना इमामला त्यांनी नावानं हाक मारली नाही. 'नालवाले' म्हणाले.

परतताना मी अप्पांना विचारलं, हे सगळं कशासाठी? ते म्हणाले, "त्याची जागा रिकामी दिसली की लोक तिथं गाडी सोडतील, मंग उकिरडा टाकतील. म्हणून मी तिथं जाऊन उभा राहून राह्यलो. एक दिवस गाव म्हणील, अप्पा, तुम्ही कशाला तरास घेता, त्यालाच बोलवा की. एवढंच म्हणायचंय त्यांना. एका बैठकीचं काम हाय." त्यांचा यावर खरंच विश्वास होता. देवावर जितका, तितकाच.

आणि गाव तसं म्हणालंही.

निवडणुका होऊन गेल्या होत्या. पाटलांचं वजन वाढलं होतं. औरंगाबादहून मोठे साहेब पोळ्याला गाव पाहायला येणार असं ठरलं. आदर्श गाव, एकोप्याचं गाव, असं काहीतरी पाटलांनी वरती कळवलं होतं. शाळेत बैठक झाली. त्यात पाटील अप्पांना म्हणाले, "इमामला बोलवा. तोरणाबाहेर उभा करा. साहेबासमोर सवाल-जवाब होऊन जाऊ द्या. हिंदू-मुसलमान दोघं हर हर महादेव म्हणत्यात म्हणल्यावर साहेब बिलकुल खूश होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते आवडलं नाही, पाटलांच्या तोंडचा 'साहेब' माझ्या कानात अडकला होता. पण अप्पांना तेव्हा काही ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते मला ओढतच भोकरदनला घेऊन गेले.

"पाटील बोलवून राह्यला तुला," ते धापा टाकत म्हणाले. "पोळ्याला. तुह्या जागी."

इमामनं तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "किती दिवसांसाठी?"

"पोळ्यासाठी."

"आन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी?"

अप्पांनी घाम पुसला. "त्याचं काही बोलला न्हाई."

"घराचं?"

"त्याचं बी न्हाई."

इमामनं खिळे खाली ठेवले. मग शांतपणे म्हणाला, "मी येत न्हाई, अप्पा. आन् अजून एक अर्ज हाय. मह्या नावानं बोलणं आता बंद करा."

अप्पांना वाटलं तो रुसला. ते समजूत घालायला लागले. इमामनं हात वर केला. "ऐका. तुम्ही तिकडं माझा जवाब बोलता. लोक हसत्यात, घरी जात्यात. मंग बाजाराच्या दिवशी इकडं येऊन मला म्हणत्यात, लई जीभ सुटली का रे तुही? मागल्या साली दोघं आल्ते. ऐरण नाल्यात टाकून गेले. मही बायको तवापासून पोराला बाहेर पाठवत न्हाई."

"मला सांगितलं न्हाईस! कोन दोघं?"

"नाव सांगितलं तर तुम्ही झडती करशाल." इमाम हसला, पण ते हसणं दाढीपर्यंतच आलं. "अप्पा, तुमचे उपकार मी मरेस्तोवर विसरणार न्हाई. तुम्ही देवाजवळ मला जागा दिली. पर मला यांच्याच बैलांवर जगायचंय. तुम्हाला जवाब पाहिजे, मला गिऱ्हाईक पाहिजे. माफ करा."

त्या दिवशी परत येताना अप्पा रस्ताभर माझ्या पुढं पुढं चालत होते. राजूरचा कळस दिसायला लागला तेव्हा थांबले. "मास्तर, मला वाटायचं मी त्याची जागा राखून राह्यलो. मी तर त्याच्या पाठीवर उभा राहून बोलत व्हतो." मी म्हणालो, तुमचा हेतू वाईट नव्हता. ते म्हणाले, हेतू कोणाचाच वाईट नसतो, आणि चालू लागले.

पाटलांना इमाम येत नाही हे कळलं तेव्हा ते मुळीच चिडले नाहीत. "न्हाई तर न्हाई. मंग तूच दोन्हीकडून बोल, नेहमीसारखं. साहेबाला मजा वाटंल. फकस्त टोपीचं नको, घरादाराचं नको. एकोप्याचं काहीतरी जुळव."

"नमन केल्यावर ते मला जमायचं न्हाई, पाटील," अप्पा म्हणाले.

"तुझं देऊळ चालतं गावाच्या जिवावर, गुरवा."

"गावाचं चालतं महादेवाच्या जिवावर. त्याला इचारून सांगतो."

पोळा आला. खुर्च्या मांडल्या, साहेब आले, त्यांच्याबरोबर वर्तमानपत्राचा एक माणूस आला. बैल उभे राहिले. अप्पांनी नमन केलं, आवाज नेहमीसारखा, खणखणीत. सवाल टाकला, तोही एकाच ओळीचा,

"तोरणापल्याड कोन हाय सांग?"

मग वाकून पलीकडे गेले, वळून गावाकडे तोंड करून उभे राहिले, आणि बोलले नाहीत. हात जोडलेले, तोंड मिटलेलं. गाव थांबलं. बैलांच्या घागरमाळा वाजत होत्या. जवाब येत नव्हता, आणि जवाबाशिवाय तोरण तोडायचं नव्हतं. कोणीतरी खाकरलं. समोर उभ्या असलेल्या एकेका माणसाच्या चेहऱ्याकडे अप्पा पाहत होते. मला वाटलं आता कोणीतरी बोलेल. किसनराव बोलतील असं वाटलं. खरंच वाटलं.

साहेबांनी हळूच पाटलांना विचारलं, "हे काय आहे?"

दौलतराव पाटलांसारखा हजरजबाबी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. डोळ्याची पापणी न लवू देता ते म्हणाले, "मौन हाय, साहेब. मुक्तीच्या लढ्यात गेलेल्यांसाठी गाव मौन पाळतं."

साहेब ताडकन उठले. त्यांनी मान खाली घातली. मागून सगळे अधिकारी उठले, त्यांच्या मागून सगळ्या गावानं माना खाली घातल्या. मी पाहत होतो. गावाला इतकं सुटल्यासारखं झालं होतं की काही जणांनी डोळेसुद्धा मिटले. आता अप्पांच्या नजरेला नजर द्यायची कोणालाच गरज उरली नव्हती. जरा वेळानं पाटलांनी तोरण तोडलं, 'हर हर महादेव' झालं, आणि साहेबांनी पलीकडे जाऊन अप्पांचा हात हातात घेऊन दाबला. वर्तमानपत्रात छापून आलं की या छोट्याशा गावात पोळ्याच्या आनंदातही हुतात्म्यांचा विसर पडत नाही. मी संपादकांना खुलासा पाठवला. तो छापला गेला नाही, पण माझ्या बदलीचा हुकूम मात्र लवकर आला. भोकरदनची शाळा. शिक्षा म्हणून केली होती, मला ती बक्षिसासारखी वाटली.

अप्पांची पूजा गेली. पाटलांनी गाव गोळा करून देऊळ त्यांच्या पुतण्याकडे दिलं, नागूअप्पांचं आता वय झालं म्हणून. आणि पोळ्याचं ते मौन गावानं ठेवून घेतलं. दर साली पुतण्या तोरणापलीकडे उभा राहतो, गाव माना खाली घालतं. ज्या गोष्टीची गावाला लाज वाटावी म्हणून एका माणसानं तोंड मिटलं, तिचा गावानं सण करून टाकला. याच्यापुढे कुठली झडती जुळवणार?

अप्पा मग देवळाबाहेरच्या ओट्यावर बसत. मी सुट्टीला जाऊन भेटत असे. पुतण्याला मंत्र येत नाहीत अशी मी कुरकुर केली तर म्हणाले, "महादेवाला तरी कुठं येत्यात?" पण हे असलं क्वचित. मी एकदा विचारलं, मनात तरी जुळवता का? "सवाल येत्यात की. पर जवाबाबिगर सवाल म्हंजे नुसती शिवी. देवाच्या दारात बसून शिव्या कशाला देऊ?" ते अधूनमधून भोकरदनला येत, लिंबाखाली बसत. इमाम त्यांच्यासाठी चहा मागवी. दोघं बैलांबद्दल, पावसाबद्दल बोलत. सवाल-जवाबाचं नाव दोघांपैकी कोणीच काढत नसे. त्या दोघांना असं जपून जपून बोलताना पाहणं मला सोसत नसे, मी शाळेचं निमित्त काढून उठत असे.

मराठीचं नवं राज्य झालं त्या वर्षीच्या पावसाळ्यात अप्पा तापानं गेले. सकाळच्या मोटारीनं मला निरोप आला. मी लिंबाकडे गेलो. इमामनं ऐकलं, अर्धा ठोकलेला नाल पुरा केला, हात धुतले, धुतलेला सदरा घातला आणि माझ्याबरोबर निघाला. राजूरपर्यंत मोटार, पुढे चिखलातून पायी. वेशीशी तो थबकला. गाव सोडल्यापासून त्यानं इथं पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हणालो, चला. तो आत आला.

गुरवांत पुरतात. देवळामागं खड्डा खणलेला होता. कोणी इमामला ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. लोकांनी नुसती वाट करून दिली. पाटील थकले होते, काठी टेकून उभे होते, त्यांनी जमिनीकडे पाहिलं. इमामनं मूठभर माती घेतली आणि टाकली. ही रीत त्याला कोणाला शिकवावी लागली नाही. त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते ऐकू आलं नाही.

सगळे परत फिरले तेव्हा किसनराव त्याच्याजवळ आले. त्यांचे डोळे रडून लाल झाले होते. त्यांनी इमामच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या वर्षांनी त्याला नावानं हाक मारली. "इमाम, लई बरं केलंस आलास. अप्पाचा जीव व्हता तुझ्यावर." इमामनं मान हलवली. मला वाटलं, आता म्हणतील, परत ये. किसनराव म्हणाले, "आता आलाच हाईस तर जरा मह्या बैलाचा पाय बघतो का? मागचा डावा. लंगडून राह्यलाय."

इमामनं सदऱ्याला हाताची माती पुसली आणि त्यांच्या मागं गोठ्यात गेला. बैलाचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्यानं खूर दाबून पाहिला.

"खिळा आत गेलाय," तो म्हणाला. "मी हत्यारं आणली न्हाईत. बाजाराच्या दिवशी घेऊन या."

"बराबर हाय," किसनराव हळहळून म्हणाले. "मंग आजचा हेलपाटा तुझा फुकटच गेला म्हणायचा."